चांगला आकडा

कुओ बी-श्या भित्री आहे हे तुंगशी बंदरावर कुणापासून लपलेलं नव्हतं. कालवं फोडायच्या शेडमध्ये बायका ओळीने बसत, आणि कुणी मुद्दाम मागून जाऊन बादली आपटली की बी-श्या बसल्या जागी वीतभर उडायची. मग शेडभर हशा. तीही हसायची, छातीवर हात ठेवून. वादळाला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, बँकेतल्या मशीनला भ्यायची. दातांच्या डॉक्टरला तर इतकी, की दाढा दुखून दुखून आपोआप पडल्या तरी ती गेली नाही. सुरी हातात असली की मात्र तिचा हात कापत नसे. कवचाच्या सांध्यात टोक घालायचं, मनगट वळवायचं, मांस वाटीत आणि कवच मागे. पोरसवदा वयापासून साठीपर्यंत तिने हेच केलं, आणि ते उत्तम केलं.

पण ह्या सगळ्या भीती किरकोळ. खरी भीती एकच होती. त्या किनाऱ्यावर तिला ‘किडनी धुणं’ म्हणतात, डायलिसिस म्हणत नाहीत, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो.

बी-श्याची आई किडनी धुवायची. आठवड्यातून तीनदा छोटी बस यायची, गावातल्या तशाच चारदोन पिवळ्या चेहऱ्यांना गोळा करायची आणि शहरात न्यायची. आईच्या दंडावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती; तिला बोट लावलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. लहान बी-श्याला ते बोट लावून बघावंसंही वाटायचं आणि लावलं की रात्री झोपही यायची नाही. आईला पाणी मोजून, फळं मोजून, आणि आंबट कर्मळाला तर शिवायचंसुद्धा नाही. आडवं कापलं की चांदणी दिसते ते कर्मळ. किडनी धुणाऱ्याला ते विष. धुण्याच्या खोलीत भिंतीवर तसं चित्रच लावलेलं असायचं, वर लाल फुली मारून. आईच्या शेजारच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्याने नातवाच्या हातून दोन फोडी खाल्ल्या. त्याला उचक्या लागल्या, मग तो बरळायला लागला, आणि पुढच्या खेपेला खुर्ची रिकामी होती.

आई त्याच खुर्च्यांमधल्या एका खुर्चीवर गेली, नळ्या लावलेल्या असतानाच. आणि गावाबाहेर मेलेलं, थंड झालेलं माणूस गावात आणत नाहीत. श्वास असेल तोवर आणा, घराच्या मोठ्या खोलीत निजवा, तिथे जाऊ दे. पण थंड झालं की वेशीबाहेर. म्हणून आईसाठी मिठागराच्या कडेला ताडपत्रीचा मांडव घातला. वाऱ्याने ताडपत्री फाडफाड वाजत होती. बी-श्याचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलेलं. तिथे आईपाशी बसून तिने मनाशी ठरवून टाकलं, की माझ्या घरातलं कुणी ह्या मशीनला जाणार नाही. असलं काही आपल्या ठरवण्यावर नसतं हे तिला कोण सांगणार?

नवरा मिळाला तो त्साय जिन-फा. तराफ्यावरचा माणूस. कालवांच्या माळा पाण्यातून ओढून काढायच्या म्हणजे पाठ आणि मांड्या लागतात, आणि त्याच्या मांड्या देवळाच्या खांबासारख्या होत्या. शेडमधल्या बायका विचारायच्या, “बी-श्या, रात्री पलंगावर तुला जागा उरते का गं?” ती लाजून कवचं फेकायची त्यांच्या अंगावर. जिन-फा तिला ‘भित्रे’ म्हणूनच हाक मारायचा आणि ती त्याला ‘म्हाताऱ्या’. मूलबाळ झालं नाही. त्याचं दोघांनीही फार रडगाणं केलं नाही; केलं ते थोरल्या वन्संनी, म्हणजे जिन-फाच्या मोठ्या बहिणीने, मान-च्यूने. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला तिनेच पाठुंगळीला बांधून वाढवलेलं. त्यामुळे भावावर पहिला हक्क आपला आणि बायकोचा उरलासुरला, अशी तिची सरळ समजूत होती.

तर असा हा खांबासारखा माणूस उन्हाळ्यात एका कालवाच्या कवचाने आडवा केला.

नडगीवर बोटभर चिरलं होतं. असं दर आठवड्याला व्हायचं. त्याने वर तंबाखू दाबली आणि काम संपवलं. पण उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात एक जंतू असतो, तो चिरेतून आत गेला की माणसाला उसंत देत नाही. सकाळी पाय जांभळा, त्यावर काळे फोड. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत जिन-फा शुद्धीत नव्हता. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण त्यासाठी पोटरीचं निम्मं मांस कापून काढावं लागलं. मग फुप्फुसं बसली, व्हेंटिलेटर लावला. मग लघवी बंद.

“किडनी धुवावी लागेल, मावशी,” आयसीयूच्या डॉक्टर येन म्हणाल्या. चाळिशीची बाई, बारीक, बोलायला घाईची. “इथे सही करा.”

बी-श्याने पेन घेतलं. बोटं वळेनात. तिने पेन दोन्ही हातांत धरलं तरी ते कागदावर टेकेना. “डॉक्टर, आजचा दिवस थांबा. आजचा दिवस.” ती तशीच देवळात गेली, मात्सू देवीपुढे पालथी पडली आणि काय काय नवस बोलली ते तिलाही नंतर आठवेना. आणि त्याच संध्याकाळी पिशवीत लघवी आली. थोडी, चहासारखी, पण आली. क्रिएटिनिन नावाचा रक्तातला आकडा चढून चढून पाचाच्या वर गेला होता. तो तिथे थबकला आणि उतरू लागला. येन डॉक्टरांनी सहीचा कागद परत ठेवून दिला.

त्या दिवसापासून बी-श्याने तो आकडा देव केला.

सकाळी आणि संध्याकाळी भेटायची वेळ असायची. दार उघडलं की बाकीच्यांचे नातेवाईक धावत खाटेकडे जायचे. ही आधी नर्सकडे. यू-छिंग नावाची हसरी पोर होती.

“आज किती?”

“आधी नवऱ्याला तरी बघ, मावशी!”

“तू आकडा सांग गं.”

“तीन.” मग काही दिवसांनी दोन. मग दीड. मग एक. मग यू-छिंग म्हणाली, “पॉइंट सहा! मावशी, माझा पॉइंट सात आहे. तुझा म्हातारा माझ्याहून चांगला निघाला.”

बी-श्या हातातल्या पिशवीसकट मटकन खुर्चीत बसली आणि रडली. मान-च्यूवन्संनी तर घरी पोचल्यावर अख्ख्या गल्लीला कालवांची पेज वाढली. जो भेटेल त्याला सांगायच्या, “माझ्या भावाची किडनी पोरासोरांच्या किडनीसारखी झाली!”

आकडा इतका खाली का गेला, हे कुणी विचारलं नाही. वाईट बातमीचं कारण माणूस खोदून खोदून विचारतो. चांगल्या बातमीला कोण कारण विचारतं? बी-श्याने तर नाहीच. पण तिला दुसरं काही दिसत होतं, आणि ते ती कुणाशी बोलत नव्हती. गरम फडक्याने त्याचं अंग पुसायची मुभा तिला मिळाली होती. मांडीखाली हात घातला की पूर्वी हाताला मांडी लागायची. आता कातडी लागायची, आणि त्या कातडीत कुठेतरी हाड. खांद्यांचे खळगे इतके खोल की पुसताना पाणी साठायचं. आजाऱ्यासमोर ‘वाळला’ म्हणू नये, तोंडून गेलेला शब्द खरा होतो. म्हणून ती पुसून झालं की चादर ढगळ टाकायची, पायांच्या बाजूला टॉवेलच्या गुंडाळ्या सरकवायची. वन्संना भाऊ भरलेला दिसला पाहिजे. नाहीतर त्या म्हणणार, संपला, घरी न्या.

मनात भीती उठली की ती स्वतःलाच दटावायची: पॉइंट सहा. मांस येईल परत. किडनी येत नाही परत.

पुढे गळ्याला भोक पाडून नळी बसवली, जिन-फाला श्वास शिकवायच्या वेगळ्या विभागात हलवलं; येन डॉक्टर आणि यू-छिंग तिकडेही असायच्या. दिवसातला बराच वेळ तो आपला आपण श्वास घेऊ लागला. आवाज नव्हता, पण ओठ हलवायचा. पहिल्या दिवशी त्याने ओठांनी ‘भित्रे’ म्हटलं, तेव्हा बी-श्याने त्याच्या हडकुळ्या हातावर एक हलकी चापट मारली. गिळायला शिकवणाऱ्या बाईने घट्ट केलेलं पाणी चमच्याने द्यायची परवानगी दिली, कसं द्यायचं ते दाखवलं, आणि बजावलं, की हेच, बाहेरचं काही नाही.

आता मान-च्यूवन्सं काय कमी? दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन हजर. झाकण उघडलं तसा आंबट खारट वास दरवळला. घरच्या झाडाच्या कर्मळाचा ताजा रस, मीठ घातलेला.

“गळ्यात एवढं भोक पाडलंय. कफ बघ कसा घरघरतोय. कर्मळासारखं दुसरं औषध नाही गळ्याला. लहानपणी ह्याचा आवाज बसला की मी हेच पाजायची.”

बी-श्याचा हात छातीवर गेला. “वन्सं, कर्मळ नको. किडनीला...”

“किडनीला काय धाड भरलीय? आज किती आहे?”

“पॉइंट सहा.”

“माझी किती?”

“मला काय ठाऊक?”

“पॉइंट नऊ. गेल्याच महिन्यात तपासलीय. आणि मी रोज कर्मळ खाते. मेले का मी?”

 तरी बी-श्या उठून यू-छिंगला शोधायला गेली. ती नव्हती, दुसरी नर्स होती. “ह्यांची किडनी ठीक आहे ना?” नर्सने पडद्यावर नजर टाकली. “एकदम छान, मावशी.” कर्मळाचं नाव बी-श्याने घेतलं नाही. घेतलं तर नियम सांगतील, वन्सं चिडतील, आणि म्हातारा ते आंबट पाणी मागत होता, ओठ चाटत. तिने रसात गिळायची पावडर घालून घट्ट केला आणि चमच्याने दिला. कित्येक आठवड्यांत त्याच्या तोंडाला पहिल्यांदा चव लागली. त्याने डोळे मिटले आणि ओठ हलवले: आणखी.

बी-श्याने आणखी दिला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. इतका आनंद तिला फार दिवसांत झाला नव्हता.

मग उचकी लागली.

आधी सगळे हसले. यू-छिंग म्हणाली, “म्हातारबुवांनी जेवण भरभर केलेलं दिसतंय.” जिन-फाही हसला, आणि हसता हसता उचकला. पण उचकी थांबेना. झोपेतही थांबेना. औषध दिलं, दुसरं दिलं. खाट हलावी तशी त्याची सुकलेली छाती दर उचकीला उडत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने बी-श्याकडे बघितलं आणि तिला ओळखलं नाही. हाताची बोटं आपली आपण झटके घेत होती, गळाला लागलेल्या माशासारखी. संध्याकाळपर्यंत तो हाकेला उठेना. व्हेंटिलेटर पुन्हा पूर्णवेळ लागला.

बी-श्याला पहिल्या उचकीलाच कळलं होतं. कळलं होतं म्हणजे आईच्या शेजारचा तो म्हातारा आठवला होता. डोकं म्हणत होतं, छे, ते किडनी खराब असलेल्यांना होतं. आकडा पॉइंट सहा आहे. आकडा खोटं बोलतो का? ती जाऊन आकडा विचारून यायची, आणि तो तेवढाच चांगला असायचा, आणि दर वेळी त्या म्हाताऱ्याची रिकामी खुर्ची आणखी जवळ आल्यासारखी वाटायची.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. ठीक. साखर, मीठ, यकृत, सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी दुपारी येन डॉक्टरांनी दोघींना बाहेरच्या बाकावर बोलावलं. “मावशी, मी स्पष्ट सांगते. मेंदूला काहीतरी झालंय आणि काय ते मला सापडत नाहीय. जंतू पुन्हा उलटला असेल. ह्या वेळी तो टिकेल असं मी सांगू शकत नाही.”

मान-च्यूवन्सं ताठ बसल्या होत्या. रडल्या नाहीत. “म्हणजे घरी न्यायची वेळ झाली.”

“तसं मी म्हटलं नाही, आजी.”

“तुम्ही नका म्हणू. आम्हाला कळतं. हाताने फुगा दाबत श्वास देत नेणारी गाडी मिळते, मला ठाऊक आहे. श्वास आहे तोवर त्याला त्याच्या खोलीत निजवायचा. माझ्या आईला तिथेच निजवलं, बापाला तिथेच.” मग बी-श्याकडे वळून, “तुझी आई मिठागरावर ताडपत्रीखाली होती, ते विसरलीस? माझ्या भावाचं तसं करायचंय?”



“बाहेरचं काही खायला-प्यायला दिलं होतंत?” येन डॉक्टरांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलेलं. त्या उठतच होत्या.

“पाणी,” वन्सं पटकन म्हणाल्या. “घरचं पाणी.” आणि फोन काढून गाडीवाल्याला लावायला खिडकीकडे गेल्या.

आता हे लिहिताना सोपं वाटतं. पण ती बाई त्या बाकावर बसली होती तेव्हा तिच्यापुढे काय होतं ते बघा. गप्प बसली, तर नवरा त्याच्या घरात, त्याच्या खोलीत, रीतीने जाईल. उदबत्ती लागेल, गाव येईल, आणि कुणाला कधी काही कळणार नाही. बोलली, तर नवऱ्याला स्वतःच्या हाताने विष घातलं हे चारचौघांत उघड होणार, नणंद जन्मभर तोंड बघणार नाही. आणि डॉक्टरांनी तिचं खरं मानलं, तर ते करणार काय? किडनी धुणार. म्हणजे तीच खुर्ची, त्याच नळ्या; आणि नळ्या लावलेल्या असतानाच गेला, तर मिठागर. दोन्हीकडून तिच्या भीतीने तिला धरलं होतं. तिचे दात वाजत होते, खरोखर वाजत होते, येन डॉक्टरांना ऐकू येण्याइतके.

“मावशी? बरं वाटत नाहीय का?”

“कर्मळ,” बी-श्या म्हणाली.

“काय?”

“कर्मळाचा रस दिला. मी. चमच्याने. तीन दिवस, वाटी वाटी. त्यानंतर उचकी लागली.”

येन डॉक्टर पुन्हा बसल्या. “कर्मळाने किडनी ठीक असलेल्या माणसाला काही होत नाही, मावशी. ह्यांचं क्रिएटिनिन पॉइंट—” आणि तिथे त्या थांबल्या. तोंड उघडं तसंच. मग उठल्या आणि जवळजवळ पळतच आत गेल्या. बी-श्या मागून.

डॉक्टरांनी चादर ओढली. टॉवेलच्या गुंडाळ्या खाली पडल्या. त्या क्षणभर त्या गुंडाळ्यांकडे बघत राहिल्या, मग त्यांनी एका हाताच्या पंज्यात जिन-फाची मांडी धरली. अंगठा आणि मधलं बोट जवळजवळ टेकलं.

“रोज बघते मी हा पाय,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “आणि रोज आकडाही बघते. दोन्ही एकत्र नाही बघितलं.”

“म्हणजे काय, डॉक्टर?”

“हा आकडा कशाचा असतो सांगू? मांसाचा केर. अंगातलं मांस रोज थोडं झिजतं, त्याचा केर रक्तात येतो, किडनी तो बाहेर टाकते. घरात दहा माणसं असली आणि मोरी तुंबली, तर दुपारपर्यंत पाणी दारात येतं, हो ना? पण घरात एकच म्हातारं माणूस उरलं असेल तर? तांब्याभर पाणी टाकतं ते. मोरी तुंबलीय हे कळतच नाही. वरून सगळं कोरडं, छान. ह्यांच्या अंगात मांसच उरलं नाहीय, मावशी, केर कुठून येणार?”

बी-श्याला मोरी कळली. इतके आठवडे जिच्यापुढे हात जोडले, ती कोरडी मोरी होती.

“दुसरी एक तपासणी असते, मांसावर न जाणारी. ती आत्ता पाठवते, दिवसभराची लघवीही गोळा करायला सांगते. ती सगळ्यांत आधी करायला हवी होती.” येन डॉक्टर भरभर बोलत होत्या. “पण त्याच्या उत्तराला वेळ लागेल आणि ह्यांना वेळ नाही. कर्मळाचं विष उतरवायचा एकच मार्ग आहे. धुणं. आज, आत्ता. अंगातली इतर औषधंही कदाचित तुंबली असतील, तीही उतरतील. सही लागेल.”

“धुताना गेला तर?”

“जाऊ शकतो. तुमच्याशी खोटं नाही बोलणार. रक्तदाब आधीच कमी आहे.”

तेवढ्यात वन्सं आल्या. “गाडी तासाभरात येते. ह्याचे चांगले कपडे...” मग दोघींचे चेहरे बघून, “काय झालं?”

बी-श्याने सांगितलं. मान खाली घालून, एका दमात. येन डॉक्टर मध्ये पडल्या नाहीत.

वन्संचा चेहरा आधी लाल झाला आणि मग राखेसारखा. “म्हणजे मी मारलं म्हणतेस त्याला? ज्याला पाठीवर वाढवलं त्याला?”

“तुम्ही आणलंत, वन्सं. पाजलं मी.”

“आकडा चांगला होता! तूच म्हणालीस!”

“हो. मीच म्हणाले.”

“आणि आता त्याला मशीनला लावणार? तू? तुला सुई बघून चक्कर येते! तिथे थंड झाला तर वेशीबाहेर ठेवतील त्याला, बी-श्या! मी त्याला ताडपत्रीखाली बघणार नाही. नाही बघणार.” त्यांनी बी-श्याच्या हातातला कागद धरला. दोघी तो दोन टोकांनी धरून उभ्या. कागद फाटायला आला होता.

“वन्सं,” बी-श्या म्हणाली, कागदाचं टोक न सोडता, “मी बसेन ना ताडपत्रीखाली. मला सवय आहे. तुम्ही नका येऊ. पण घरी नेऊन मेला, आणि मशीनने जगला असता, तर मग मी कुठे बसू?”

वन्संनी कागद सोडला. बी-श्याने तो खाटेच्या पायथ्याशी ठेवला.  तिने पेन मुठीत धरलं, सुरी धरतात तसं, आणि नाव लिहिलं. वाकडं आलं. चालतं.

गाडीवाला आला, त्याला वन्संनी खाली जाऊन परत पाठवलं, आणि त्याने भाडं मागितलं म्हणून त्याच्याशी कडाकडा भांडल्या. वरपर्यंत आवाज येत होता. मग वर येऊन बी-श्याच्या शेजारी बसल्या, मध्ये एक खुर्ची सोडून. 

मशीन खाटेशी आणलं. बी-श्याला बाहेर थांबायला सांगितलं, पण दाराला काच होती. मांडीच्या सांध्यात जाड नळी, नळीतून रक्त, रक्त गोल गोल फिरणाऱ्या चाकावरून. आईचं तेच चाक, फक्त नवं आणि चकचकीत. काचेतून उचकी ऐकू येत नव्हती, दिसत होती: छाती उडायची, थांबायची, उडायची. दर उडण्याबरोबर बी-श्या पुटपुटत होती. देवाचं नाव नव्हतं ते. “आहे. आहे. आहे.” मशीन दोनदा किंचाळलं. दोनदा नर्सा धावल्या. दोनदा तिने वन्संचा हात, मधली रिकामी खुर्ची ओलांडून, इतका घट्ट धरला की नखं रुतली. वन्संनी हात काढून घेतला नाही.

उजेड कलू लागला. आणि एकाएकी छाती उडायची थांबली.

 गेला. थांबला म्हणजे गेला. ती दारावर पालथी पडली, मुठी मारायला लागली. यू-छिंगने दार उघडलं.

“मावशी, मावशी! अगं, उचकी थांबली. उचकी! श्वास चालू आहे. बघ की.”

ती बघत राहिली. छाती वर येत होती, खाली जात होती, सावकाश, शहाण्यासारखी. पण तिचा विश्वास बसायला बराच वेळ गेला, कारण इतके दिवस उचकी म्हणजेच तो जिवंत असल्याची खूण होऊन बसली होती.

दुसऱ्या तपासणीचं उत्तर आलं. किडनी रुपयात चार आणेच चालत होती. येन डॉक्टरांनी तसंच सांगितलं, नजर न चुकवता, आणि औषधांचे डोस सगळे नव्याने बसवले. आणखी दोनदा धुवावं लागलं. त्यानंतर जिन-फा एका सकाळी डोळे उघडून छताकडे बघत होता. बी-श्या वाकली. त्याने बराच वेळ तिच्याकडे बघितलं, मग ओठ हलवले. काय म्हणाला ते तिला कळलं नाही. तिने पुन्हा म्हणायला लावलं नाही. ओळखलं होतं, तेवढं पुरे.

ह्यानंतर किडनी आपली आपण रेटत राहिली, धुवायची वेळ पुढे ढकलत. पुढे येईल की नाही, कुणी सांगत नव्हतं. व्यायाम देणारा एक तरुण रोज येऊन जिन-फाचा पाय दुमडायचा, सरळ करायचा, “रेटा, काका, मला लाथ मारा” म्हणायचा. एक दिवस त्याला खरोखर लाथ लागली. चिमुकली, पण लागली. वन्संनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात यू-छिंगने आकडा सांगितला, कुणी न विचारता. “पॉइंट आठ.”

वन्संच्या हातातली पेजेची वाटी कलंडली. “वाढला! बी-श्या, वाढला! सहाचा आठ झाला! आता काय दिलंस त्याला?”

“काही नाही दिलं, वन्सं.”

“मग वाढला कसा?”

बी-श्याने चादर बाजूला केली आणि मांडीखाली हात घातला. कातडी होती, हाड होतं. मध्ये काही आहे का? बोटांना काहीतरी लागल्यासारखं वाटलं, चिमूटभर, ओल्या दोरीसारखं. की वाटत होतं म्हणून लागत होतं? तिने दुसरी मांडी चाचपली. पुन्हा पहिली.

येन डॉक्टर दारात आल्या होत्या. “मांस परत येत असेल तर आकडा वाढणारच,” त्या म्हणाल्या. “केर वाढला, म्हणजे घरात माणसं आली.”

“आणि मोरी आणखी तुंबली असेल तर?”

“तरीही वाढणार.”

“मग ह्यातलं कुठलं?”

“दुसरी तपासणी पाठवलीय. संध्याकाळी कळेल.”

वन्सं सांडलेली पेज पुसू लागल्या, तोंडाने स्वतःलाच शिव्या देत. बी-श्याने खुर्ची ओढली. हात मांडीखालून काढला नाही.

“म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “मार बघू लाथ.”

जिन-फाने कपाळाला आठ्या घातल्या. तिच्या तळव्याखाली ते काहीतरी आवळलं गेलं, सुटलं, पुन्हा आवळलं गेलं.